बीचवर कासव किंवा डॉल्फिन पडलेला दिसला तर काय करायचं

आपण पुणेकर लाँग वीकेंड आला की ताम्हिणी उतरून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर गाठतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो तेव्हा जखमी, दमलेली कासवं नेमकी तिथेच लाटांबरोबर बाहेर येऊन पडतात. मागच्या वेळी मी बघितलं, चार-पाच जण एका कासवाला ढकलत पाण्यात नेत होते आणि दर लाटेला ते परत वाळूवर येत होतं. हेतू चांगलाच होता, पण नेमकं हेच करायचं नाही.

कासव आपल्यासारखंच फुफ्फुसाने श्वास घेतं, अंगात ताकद नसली की वर येता येत नाही आणि ते पाण्यातच बुडून मरतं. म्हणून आधी लांब थांबा आणि बघा. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री धडधाकट कासवीण वाळू उकरताना दिसली तर ती अडकलेली नाही, अंडी घालायला आलीये. टॉर्च, फ्लॅश बंद करा, गप्प बसा, ती आपली आपण परत जाईल.

पण जखम असेल, जाळं गुंडाळलेलं असेल, हालचाल मंद असेल तर लगेच १९२६ ला फोन लावा, ही महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे. गावाचं नाव, लोकेशन, फोटो तयार ठेवा. शेजारच्या कोळी बांधवांनाही सांगा, त्यांना समुद्र आपल्यापेक्षा जास्त कळतो.

तोवर कासवाला सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मात्र मोकळ्या ठेवा. उलटं करू नका, पाय धरून ओढू नका, खायला देऊ नका आणि गोड्या पाण्याच्या टबमध्ये तर अजिबात ठेवू नका. अंगात रुतलेलं जाळं खेचू नका, जखम आणखी फाटते.

डॉल्फिनचं काम जास्त नाजूक असतं. पाण्याबाहेर त्याचं स्वतःचंच वजन त्याच्या फुफ्फुसांवर येतं आणि चरबीच्या थरामुळे अंग पटकन तापतं. त्याला पोटावर सरळ ठेवा, अंगावर ओली चादर टाका, समुद्राचं पाणी शिंपडत राहा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात थेंबही जाता कामा नये आणि ते झाकूही नका. शेपटी, पर धरून ओढायचं नाही. बाजूच्या परांखाली वाळूत खड्डे केले की त्यांच्यावरचा भार कमी होतो. गर्दी, कुत्री, सेल्फीवाले लांब ठेवा, आवाजाने तो घाबरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू आलं होतं, कित्येक तास खपून लोकांनी ते समुद्रात सोडलं तरी वाचलं नाही, म्हणजे परत पाण्यात नेणं हा शेवट नसतो, निर्णय जाणकारांनाच घेऊ द्या.

मेलेला असला तरी कळवा, हात मात्र लावू नका, त्यातून आजार होऊ शकतात. कवच, हाडं घरी आणणं तर गुन्हाच आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्यांना संरक्षण आहे.

आणि नंबर आत्ताच सेव्ह करा, ताम्हिणीत रेंज जाते.