गावाला बस पाहिजे असेल तर नुसतं निवेदन देऊन थांबू नका, असं करा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आतल्या वाड्यांत राहणाऱ्यांना सांगायला नको, सकाळची बस चुकली की पोरांचं कॉलेज बुडतं आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना पुढं जातो. पण अर्जात "आमच्या गावाला बस सोडा" एवढंच लिहिलं तर डेपोला त्यातून काही करता येत नाही.

आधी एक वही घ्या आणि आठवडाभर स्टॉपवर लिहून काढा, किती वाजता किती माणसं, कुठं जाणार, त्यात विद्यार्थी किती, कोणाला पायरी चढता येत नाही, बस आली का आणि आली तर किती उशिरा. मग एकच फेरी मागा, वेळेसकट: साडेसातला गावातून सुटून नवाच्या आत खानापूर.

अर्ज कन्नडमध्ये करा, सोबत मराठी प्रत लावा. भाषेचा राग मलाही येतो, पण पोरगी कॉलेजला पोचणं आधी. ग्रामसभेत ठराव करून तो जोडा, अर्ज डेपो मॅनेजरला, प्रत बेळगावच्या विभागीय नियंत्रकांना आणि आमदारांना. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

डेपोतनं बहुतेक रस्त्याचंच कारण येतं, म्हणून आधीच बघून ठेवा की बस वळवायला जागा आहे का, फांद्या कुठं आडव्या येतात, आणि तेवढं पंचायतीकडून करून घ्या. वस्तीची, म्हणजे रात्री गावातच थांबणारी बस मागत असाल तर ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला बरी खोली, पाणी, संडास हे गावानं द्यायची तयारी अर्जातच लिहा, कारण दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला रात्री सीटवर झोपवणं बरोबर नाही आणि पहाटेची पहिली फेरी त्याच गाडीवर अवलंबून असते.

महिनाभर उत्तर नाही आलं तर माहिती हक्काचा अर्ज टाका, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं एवढंच विचारा: आमच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली.

आणि बायकांनो, 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत प्रवास फुकट असला तरी शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्याच, कारण तिकीट फाडलं नाही तर तुम्ही बसमध्ये होता हे कागदावर कुठंच दिसत नाही. नवी फेरी सुरू झाली की पहिले काही महिने सगळ्यांनी वडाप (खाजगी जीप) सोडून बसनंच जा, रिकामी धावणारी फेरी बंद करायला डेपोला वेळ लागत नाही.