मिरचीची पाने करपली तेव्हा

मुलुंडच्या आमच्या गॅलरीतील मिरचीच्या पानांची टोके मार्चमध्ये तपकिरी होऊन आत वळू लागली, तेव्हा दोष उन्हाला देऊन मी मोकळा झालो. कुंडीच्या काठावरचा खताच्या क्षारांचा पांढरा, खरखरीत थर नखाने खरवडला, तेव्हा चूक उमगली: १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम, प्रत्येकी १९ टक्के) हे विद्राव्य खत मी लिटरमागे चमचाभर, तेही कोरड्या मातीत, दर चार दिवसांनी ओतत होतो. तळाच्या भोकांतून पाणी मोकळे वाहीपर्यंत कुंड्या दोनदा धुतल्या, दोन आठवडे खत थांबवले आणि पुढे लिटरला १ ग्रॅम, माती आधी ओली करून, पंधरवड्यातून एकदाच दिले. करपलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. झाड सावरले का, हे कळायला नवा फुटवा पाहावा. कळ्या दिसताच नत्र नसलेले ०:५२:३४ हे खत घेतले, कारण नत्र जास्त झाले की नुसता पाला माजतो.