टर्बो स्नोमोबाइलची एक्झॉस्ट गळती अशी सापडली

बर्फावर चालणाऱ्या या गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब, उशिरा चढायचा आणि थ्रॉटल दाबला की हुडखालून फटफट आवाज यायचा. आधी वेस्टगेटवर (टर्बोला वळसा घालून जादा एक्झॉस्ट वायू सोडणाऱ्या झडपेवर) संशय घेतला, त्यात दोन दिवस गेले. मग इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी नळी सायलेन्सरच्या तोंडाशी चिंधीने घट्ट बसवली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारलं. इंजिन आणि टर्बोमधल्या जोडावर भराभर बुडबुडे! तिथेच काजळीचा काळा पट्टाही होता. इथली गळती सगळ्यात वाईट, कारण टर्बोचं चाक (टर्बाइन) फिरवणारा वायूच वाटेत निसटतो. जोड धरून ठेवणारी एक स्प्रिंग सैल पडली होती. सगळ्याच स्प्रिंगा बदलल्या, काजळी घासून काढली, नवी गॅस्केट बसवली. पुन्हा फवारलं. एकही बुडबुडा नाही.