मज्जासंस्थेच्या आजाराने आवाज बिघडलाय? या चुका टाळा

आवाज बसला की आधी गुळण्या, मग खोकल्याचं औषध. चार आठवडे उलटले तरी तेच चालू ठेवणं, ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक. घसा ठणठणीत असतो. बिघाड मेंदूत किंवा नसेत असतो. स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्याच. डाव्या स्वरपट्टीची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येते, त्यामुळे ती पट्टी हलत नसेल तर कारण छातीतही सापडू शकतं.

कंपवातात (पार्किन्सनमध्ये) घरोघरी एकच वाद. "बाबा, मोठ्याने बोला ना!" "अरे, ओरडतोच आहे की!" बाबा हट्टीपणा करत नाहीत. आवाज किती मोठा, याचं मेंदूतलं मापच चुकलेलं असतं. चिडू नका. त्यांची दोन वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून हातभर अंतरावरून ऐकवा. स्वतःच्या कानांनी ऐकलं की पटतं. गोळ्यांनी हातापायांचा ताठरपणा सुटला म्हणजे आवाजही सुटेल, असं धरून बसू नका. 'एलएसव्हीटी लाउड' या मोठ्याने बोलण्याचा जोरकस सराव करून घेणाऱ्या उपचारपद्धतीत आठवड्याला ४ याप्रमाणे ४ आठवड्यांत तासाभराची १६ सत्रं होतात, शिवाय रोज घरी सराव. तो सराव सुटला की आवाज पुन्हा खाली जातो.

पण हेच जोरकस व्यायाम सरसकट सगळ्यांना देऊ नका. मायस्थेनियात, म्हणजे वापरले की स्नायू लवकर थकतात त्या आजारात, सकाळी स्वच्छ असलेला आवाज बोलता बोलता विरत जातो. तिथे विश्रांती आणि मूळ आजारावरचं औषध महत्त्वाचं. एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जातात त्या आजारात, स्नायूंना दमवून हाती काहीच लागत नाही.

बोलताना आवाज अडकून तुटत असेल तर "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून बोळवण करू नका. तो स्पास्मोडिक डिस्फोनिया, म्हणजे बोलताना स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आकडण्याचा आजार, असू शकतो. त्यावर स्नायू सैल करणारं बोट्युलिनम (बोटॉक्स) इंजेक्शन देतात, परिणाम साधारण ३-४ महिने टिकतो. सुरुवातीला आवाज हवेसारखा पोकळ होतो, पाणी पिताना ठसका लागतो. घाबरून पुढचं इंजेक्शन टाळणारे बरेच. हे दिवस सरतात. मात्र इंजेक्शन न घेताही जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी लगेच करा.

एएलएसचं निदान झालं असेल तर आवाज चांगला असतानाच रेकॉर्ड करून ठेवा. पुढे बोलणं थांबलं तरी यंत्र त्याच आवाजाच्या जवळ जाणाऱ्या आवाजात बोलू शकतं. घरच्यांना हा विषय काढणं जड जातं, मी समजू शकते. तरी काढा, याच आठवड्यात.