ऑक्टोबर लागला म्हणून सायकल सोडू नका: नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नेदरलँड्समध्ये उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्यांना सायकल लगेच आवडते. संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड, कोरडे रस्ते, वेगळा लाल सायकलमार्ग, आणि ऑफिस वीस मिनिटांवर. मग ऑक्टोबर येतो. दोन-तीनदा भिजून झालं की सायकल शेडमध्ये जाते, ट्रामचा पास निघतो आणि ती सायकल एप्रिलपर्यंत हलत नाही. दर वर्षी नवीन आलेल्या मंडळींमध्ये मी हे पाहते आणि मनापासून वाईट वाटतं, कारण थोडी तयारी असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सायकलवर सहज निघतो. तयारी कशाची करायची, हे मात्र बहुतेकांना उलटं सांगितलं जातं. सगळे पावसाला घाबरतात. माझ्या मते पाऊस हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. त्याहून मोठा वारा, त्याहून मोठी ओली पानं, आणि सगळ्यांत मोठा अंधार.

पावसाचं आधी उरकून घेऊ. इथला पाऊस बहुतेक वेळा सरींनी येतो आणि जातो. बाउएनराडार हे अ‍ॅप पुढच्या दोन तासांत तुमच्या भागात केव्हा आणि किती पाऊस पडेल ते आलेखावर दाखवतं. इथे ऑफिसातून निघण्याआधी लोक सवयीने त्यात डोकावतात. पंधरा मिनिटं थांबल्याने कोरडं घरी जाता येत असेल तर थांबायचं, एवढंच. कपड्यांत जाकिटापेक्षा पावसाळी पँटकडे जास्त लक्ष द्या, कारण सायकलवर सगळ्यात आधी मांड्या भिजतात आणि भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही. पँट घेताना बूट न काढता ती चढवता येते का, हे दुकानातच करून पाहा. घोट्यापाशी चेन किंवा चिकटपट्टी असलेली घ्या. जाकिटाची टोपी डोक्याबरोबर वळत नसेल तर ती बाजूचं सगळं झाकते आणि मागून येणारी गाडी दिसत नाही. चष्मा असेल तर टोपीच्या आत पुढे छज्जा असलेली साधी कॅप घाला, काचेवर थेंब कमी येतात. ऑफिसच्या खणात मोज्यांचा एक जोड कायम असू द्या. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, संध्याकाळपर्यंत बरेच सुकतात. आणि घरून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर पाच मिनिटांत घामाने आतून भिजाल, आणि ते पावसापेक्षा वाईट.

वाऱ्याचं गणित एकदा समजून घेतलं की स्वतःवर चिडायला होत नाही. तुम्ही ताशी 18 किलोमीटरने चालला आहात आणि समोरून तितकाच वारा आहे, तर अंगावर येणारी हवा ताशी 36 किलोमीटरची होते, आणि तिचा रोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि एवढा वारा इथे रोजचाच. हवामानाच्या बातमीत तो 3 च्या जोराचा, मध्यम म्हणून येतो. तेव्हा वेग राखण्याचा हट्ट सोडा. हलका गिअर टाका, पाय नेहमीच्या लयीत फिरत राहू द्या आणि दहा मिनिटं आधी निघा. या देशात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. तुमचं ऑफिस घराच्या कोणत्या दिशेला आहे ते नकाशावर एकदा पाहून ठेवलं की सकाळ कष्टाची की संध्याकाळ, याचा अंदाज आधीच येतो. वाट मोकळ्या शेतांतून किंवा कालव्याच्या बांधावरून जात असेल तर बिनगिअरची स्वस्त सायकल घेऊ नका. मागच्या चाकात बंदिस्त गिअर असलेली सायकल घ्या, अगदी तीन गिअरचीही चालेल. पाऊस-चिखल त्या गिअरपर्यंत पोचत नाही.

समोरचा वारा दमवतो, पण पाडतो तो बाजूचा. दोन इमारतींमधली फट, पुलाचा मधला भाग, शेजारून गेलेला ट्रक, अशा ठिकाणी सायकल अर्धा मीटर सरकू शकते. तिथे दोन्ही हात हँडलवर हवेत. म्हणूनच जोराच्या वाऱ्यात मी पोंचो घालू नका म्हणते, त्यात हवा भरते. इथल्या लोकांचं वाऱ्याशी नातं मात्र वेगळंच आहे. झीलंड प्रांतातल्या ओस्टरस्खेल्डे धरणावर 2013 पासून उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. अंतर 8.5 किलोमीटर, सायकली साध्या, ताठ बसायच्या, बिनगिअरच्या. वादळाचा अंदाज आला की मगच तारीख जाहीर करतात.

आता पानं. याकडे नवीन माणसाचं लक्षच जात नाही, कारण ती दिसायला सुंदर असतात. वरचा थर वाऱ्याने सुकलेला, पिवळा, कुरकुरीत. खालचा थर दिवसेंदिवस ओला राहून चाकांखाली दळला गेलेला. त्या खालच्या थराचा काळपट, साबणासारखा गुळगुळीत लेप विटांच्या रस्त्याला चिकटून बसतो. वरून कोरडं दिसतं म्हणून तुम्ही नेहमीच्या वेगाने वळता, आणि चाक त्या लेपावरून सरळ बाजूला जातं. सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून झाडांखालच्या वळणाआधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करा. वळताना ब्रेक नको, पेडलवर जोर नको, सायकल कमीत कमी कलती ठेवा. थांबायची वेळ आलीच तर पुढचा ब्रेक दाबू नका. इथल्या अनेक सायकलींना पेडल उलटं दाबून मागचं चाक थांबवायचा ब्रेक असतो. तो नवा असेल तर पानांचा मोसम सुरू होण्याआधी एखाद्या रविवारी रिकाम्या मैदानात त्याचा सराव करा. घाबरून पेडल जोरात उलटं दाबलं की मागचं चाक जाम होऊन घसरतं. पायाला हळूहळू दाबायची सवय व्हायला हवी.

पानांइतकीच निसरडी आणखी काही ठिकाणं आहेत: पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, लाकडी पूल, आणि ट्रामचे रूळ. रूळ ओले असोत की कोरडे, ते शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर चाक खाचेत अडकतं. गावाबाहेरून येणाऱ्यांनी शेतांजवळही सावध राहावं. बीट आणि बटाट्याची काढणी याच दिवसांत होते आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पसरलेला असतो.

साध्या सायकलवर हेल्मेटची सक्ती इथे नाही आणि फार थोडे लोक ते घालतात. तरीही निदान पानांच्या दिवसांत तरी घाला, असं माझं ठाम मत आहे. लहानपणापासून या रस्त्यांवर वाढलेल्यांचा तोल आणि आपला तोल सारखा नाही, आणि कोणी बघून हसतही नाही.

अंधाराबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला घड्याळं एक तास मागे जातात. त्याच्या आदल्या आठवड्यात अ‍ॅमस्टरडॅममध्ये सूर्य सकाळी सव्वाआठनंतर उगवतो, म्हणजे ऑफिसला निघताना अंधार. घड्याळ बदललं की सकाळी उजेड मिळतो, पण संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळलेला असतो. शनिवारपर्यंत उजेडात घरी येणारा माणूस सोमवारी अचानक अंधारात येतो, तेही सगळ्यात गर्दीच्या वेळी. डिसेंबरमध्ये तर सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवून साडेचारला मावळतो, तेव्हा दोन्ही फेऱ्या अंधारातच.

दिव्यांचा कायदा स्पष्ट आहे. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, आणि दोन्ही स्थिर. लुकलुकणारे चालत नाहीत. सुटे दिवे कपड्यांवर लावता येतात, पण छातीवर आणि पाठीवर. डोक्यावर, हाताला किंवा पायाला लावलेला दिवा धरत नाहीत. याशिवाय मागे लाल परावर्तक, चाकांवर पांढरे किंवा पिवळे आणि पेडलला पिवळे परावर्तक लागतात. पोलीस याच दिवसांत तपासणीला उभे असतात आणि दंड करतात. पण दंड बाजूला ठेवा. चालकाला सगळ्यात आधी काय दिसतं, तर वरखाली होणारे ते पेडलचे पिवळे ठिपके; त्यावरून त्याला सायकल आहे हे कळतं. म्हणून पेडल बदललीत तर परावर्तक असलेलीच घ्या, आणि जुनी असतील तर त्यांवरचा चिखल पुसा. दिवे शक्यतो चाकातल्या डायनामोवर चालणारे असावेत. चार्जिंगचे असतील तर चार्जरची एक वायर ऑफिसातच ठेवा. दिवा संपतो तो नेहमी परतीच्या वाटेवर.

पावसाळी अंधारात तुमचा दिवा गाडीच्या ओल्या काचेवर शंभर दिव्यांत मिसळून जातो. त्यामुळे आपण दिसतोच असं कधी धरू नका. विशेषतः ट्रक किंवा बसच्या उजव्या अंगाला थांबू नका. ती उजवीकडे वळताना तिथला सायकलस्वार चालकाला दिसत नाही. भारतात आपण डावीकडून चालतो, त्यामुळे हा धोका आपल्या अंगवळणी नसतो आणि मान आधी चुकीच्या बाजूला वळते. दमलेल्या संध्याकाळी तर हमखास. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती सायकल का असेना. 2001 पासून हा नियम सायकलींनाही लागू आहे. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबायचं तुम्ही. ओल्या पानांखाली हे त्रिकोण झाकले जातात, म्हणून रोजच्या वाटेवरचे त्रिकोण सप्टेंबरमध्येच पाहून ठेवा. आणि फोन हातात नको, 1 जुलै 2019 पासून सायकलवरही त्याला बंदी आहे.

उजेडातही एक धोका असतो. या दिवसांत सूर्य क्षितिजालगत राहतो. तुमची लांब सावली तुमच्या पुढे पडली असेल, तर समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत ऊन आहे असं समजा आणि त्याने वळण घेण्याआधी थांबा. सकाळी आठ-सव्वाआठला शाळकरी मुलांचे घोळके भेटतील. त्यांत बारा वर्षांची, नुकतीच मोठ्या शाळेत जाऊ लागलेली मुलं असतात. तीन-तीन जण शेजारी, गप्पांत गुंग, एखाद्याच्या सायकलला दिवाच नाही. घंटी एकदा वाजवा, वाट द्या, थोडं मागे राहा. ही मुलं रोज कुठल्याही हवेत जातात, आणि मला त्यांचं फार कौतुक आहे.

सायकलची निगा फार लागत नाही, पण ती या तीन महिन्यांतच लागते. पावसात भिजलेल्या दिवसानंतर चेन फडक्याने पुसून तेलाचा हात द्या. आधी पुसणं महत्त्वाचं, नाहीतर तेल आणि वाळूने चेन झिजते. टायरवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते, तिच्या खालच्या टोकाकडे हवा ठेवली तर पकड चांगली मिळते. दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड हवेतच. रिमला घासणारे ब्रेक ओले असताना पहिल्या क्षणी धरत नाहीत, तेव्हा थोडे आधीच दाबा. बॅटरीची सायकल असेल तर थंडीत ती कमी अंतर जाते; बॅटरी रात्री घरात घ्या आणि घरातच चार्ज करा.

आणि कधी जायचं नाही, हेही ठरलेलं असावं. केएनएमआय ही इथली राष्ट्रीय हवामान संस्था पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. पिवळ्यात सावधपणे जाता येतं. नारिंगी असेल तर मी सायकल काढत नाही. ऑक्टोबरच्या वादळात झाडांवर अजून पानं असतात, वारा त्यांत भरतो आणि फांद्या मोडून पडतात. पहिल्या गोठणाऱ्या सकाळीही ट्रामने गेलात तर काही बिघडत नाही. मुख्य सायकलमार्गांवर नगरपालिका मिठाचं पाणी फवारते, पण गल्लीतलं वळण आणि पूल तसेच गोठलेले राहतात.

अर्धी वाट रेल्वेने असेल तर लक्षात ठेवा की सोमवार ते शुक्रवार सकाळी 6:30 ते 9 आणि संध्याकाळी 4 ते 6:30 साधी सायकल गाडीत नेता येत नाही. घडीची सायकल केव्हाही, फुकट नेता येते. त्यापेक्षा सायकल स्टेशनावर छपराखाली ठेवा. उट्रेख्टच्या मुख्य स्टेशनाखाली 12,500 सायकलींची जागा आहे आणि पहिले 24 तास पैसे पडत नाहीत. पलीकडच्या स्टेशनावर ओव्ही-फीट्सची भाड्याची सायकल मिळते.

शेवटचं, ऑफिसात एचआरला प्रवासभत्त्याबद्दल विचारा. सायकलने येणाऱ्यांनाही मालक किलोमीटरमागे करमुक्त रक्कम देऊ शकतो. 2024 मध्ये ही मर्यादा 23 सेंट झाली. देणं सक्तीचं नाही, पण बऱ्याच कंपन्या देतात आणि न मागितल्यास कोणी आठवण करून देत नाही. त्याच भेटीत ओले कपडे वाळवायची जागा आणि शॉवर कुठे आहे, तेही विचारून घ्या.