स्टूल सॅम्पलमधून आतड्यातल्या बॅक्टेरियाचं प्रोफाइल काढताय? या चुका टाळा

सिक्वेन्सिंगला, म्हणजे मशीनने डीएनए वाचायला, सॅम्पल कसंही पाठवलं तरी आकडे येतातच, ग्राफ पण छान रंगीत येतो, त्यामुळे सॅम्पल आधीच बिघडलेलं होतं हे कित्येकदा कळतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डबीत. सॅम्पल घेतलं म्हणून बॅक्टेरिया काही थांबत नाहीत, मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या घरात साधी डबी दिवसभर बाहेर राहिली की ई. कोलायसारखे हवेत पण वाढणारे जोरात वाढतात आणि ऑक्सिजन न सोसणारे मागे पडतात. त्यामुळे लगेच बर्फात ठेवून उणे ८० अंशाच्या फ्रीझरला न्या, ते जमत नसेल तर स्टॅबिलायझरवाली ट्यूब (आतल्या द्रवाने बॅक्टेरियाची वाढ थांबते, डीएनए टिकतो) द्या. इथेनॉल वापरणार असाल तर ९५ टक्केच, ७० टक्के नको, त्यात डीएनए नीट टिकत नाही. आणि प्लीज, अर्धी सॅम्पलं एका पद्धतीने, अर्धी दुसऱ्या असं करू नका. अँटिबायोटिक शेवटचं कधी घेतलं, शौच घट्ट की पातळ (ब्रिस्टल स्केलवर १ ते ७) हे त्याच दिवशी लिहून घ्या, महिन्याने फोन केला तर कुणालाच आठवत नाही.

डीएनए काढताना बीड बीटिंग, म्हणजे बारीक मण्यांसोबत जोरात हलवून पेशी फोडणं, वगळू नका. बायफिडोबॅक्टेरियमसारख्या ग्राम पॉझिटिव्हची भिंत जाड असते, नुसत्या केमिकलने ती नीट फुटत नाही, मग ते कमी दिसतात आणि सहज फुटणारे बॅक्टेरॉइड्स उगाच जास्त.

रिकामी ट्यूब, म्हणजे ब्लँक, प्रत्येक बॅचला हवीच कारण किटमध्ये पण बॅक्टेरियाचा डीएनए असतो. स्टूलमध्ये ते फारसं जाणवत नाही, बायोप्सीत (आतड्याचा छोटा तुकडा, बॅक्टेरिया कमी) मात्र तोच रिझल्ट होऊन बसतो. आजारी लोकांची सॅम्पलं एका प्लेटवर (एकत्र चालवायच्या सॅम्पलांचा ट्रे) आणि निरोगी लोकांची दुसऱ्या असं तर कधीच नको, मिसळून लावा, नाहीतर दिसलेला फरक आजाराचा की प्लेटचा हे नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरला सांगता येत नाही.

रीड्स, म्हणजे मशीनने दोन टोकांकडून वाचलेले डीएनएचे तुकडे, एकमेकांना जुळत नाहीयेत? १६एसचा (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो जीन) व्ही३-व्ही४ तुकडा साधारण ४६० बेसचा, दोन्ही बाजूंनी २५० वाचले तर मध्ये जेमतेम ४० ची ओव्हरलॅप उरते, त्यात क्वालिटीसाठी रीडची शेपटी (शेवटचा कमी खात्रीचा भाग) जास्त कापली की संपलं. ३०० चे रीड्स घ्या नाहीतर फक्त व्ही४ करा. आणि डाडा२ मध्ये (रीड्स साफ करायचं सॉफ्टवेअर) बहुतेक रीड्स कायमेरा, म्हणजे दोन वेगळे डीएनए चुकून जोडलेले, म्हणून उडत असतील तर आधी प्राइमर (तुकडा कॉपी करायला लावलेले छोटे डीएनए) काढलेत का ते बघा, काढून परत चालवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं.