थ्रेट हंटिंगला बसण्याआधी विंडोजचे लॉग तपासा

थ्रेट हंटिंग म्हणजे नेटवर्कमध्ये आधीच शिरलेला घुसखोर आपणहून शोधणं. या शोधात काहीच सापडलं नाही, तर अर्थ दोन निघतात: घुसखोर नाही, किंवा त्याची नोंदच होत नाही. दुसरी शक्यता आधी निकालात काढा.

सुरुवात सिक्युरिटी लॉगमधल्या इव्हेंट ४६८८ या नोंदीपासून. कोणता प्रोग्राम कुणी सुरू केला ते यात दिसतं. पण पूर्ण कमांड लाइनसाठी (प्रोग्रामला दिलेली अख्खी आज्ञा) ग्रुप पॉलिसीत (अनेक मशीनना एकत्र लागू होणारे नियम) वेगळी सेटिंग चालू करावी लागते. ती नसेल तर पॉवरशेल (विंडोजचं आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवण्याचं साधन) चाललं एवढंच कळतं, त्यात काय चाललं ते नाही. मात्र या सेटिंगमुळे कमांडमध्ये टाइप केलेले पासवर्डही लॉगमध्ये उतरतात. लॉग कोण वाचणार हे त्याच दिवशी ठरवा. पॉवरशेलचं स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग (इव्हेंट ४१०४, यात चाललेल्या स्क्रिप्टचा मजकूर उतरतो) चालू करा. सिसमॉनला (जास्त तपशीलवार नोंदी ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) कॉन्फिगरेशन फाइल द्याच, नुसतं बसवलं तर नेटवर्क जोडण्या (इव्हेंट ३) नोंदवल्या जात नाहीत.

साध्या पीसीवर सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा २० एमबी असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर पाठवा. विंडोजचं इव्हेंट फॉरवर्डिंग वापरत असाल तर इतर लॉग येतात आणि सिक्युरिटी लॉग तेवढा येत नाही, ही नेहमीची अडचण. प्रत्येक मशीनवर ‘नेटवर्क सर्व्हिस’ खातं ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ गटात घाला आणि मशीन रीस्टार्ट करा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतात लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. डिस्कचा हिशेब तिथून सुरू करा.

आता अ‍ॅक्सेस. लेखी परवानगी घ्या, हंटिंगसाठी वेगळं खातं काढा, त्याला फक्त वाचण्याचा हक्क द्या. डोमेन अ‍ॅडमिन खातं (संस्थेच्या सगळ्या मशीनवर पूर्ण हक्क असलेलं) मागू नका, कुणी आपणहून दिलं तरी घेऊ नका. संशयित मशीनवर त्या खात्याने रिमोट डेस्कटॉपने लॉगिन केलं, की त्या खात्याची लॉगिनची ओळखपत्रं मशीनच्या मेमरीत राहू शकतात. घुसखोर तिथे बसलेला असेल तर अख्खं डोमेन त्याच्या हातात आयतं पडतं.

शेवटी चाचणी. एका मशीनवर अस्तित्वात नसलेल्या, चटकन ओळखू येईल अशा नावाला पिंग करा (ही आज्ञा नावासकट ४६८८ मध्ये उतरायला हवी) आणि तेच नाव मध्यवर्ती सर्व्हरवर शोधा. किती मिनिटांनी दिसलं ते लिहून ठेवा. असं प्रत्येक विभागातल्या एकेका मशीनवर करा. नोंद आलीच नाही अशी ओरड होते, तेव्हा आधी वेळ बघा: लॉग यूटीसीमध्ये (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल, तर दुपारी ४ ची चाचणी सकाळी १०:३० ला दिसते.